टोकन नंबर

आमच्या मनीषनगरात पूर्वी रेल्वेचं फाटक होतं. ज्याने ते पाहिलं नाही त्याला त्याचं माहात्म्य सांगून कळायचं नाही. साडेदहाला बँकेत सही करायची म्हणून नऊला घरून निघालेला माणूस नऊ वाजून पाच मिनिटांनी फाटकाशी पोचायचा आणि तिथे मालगाडीचे डबे मोजत उभा राहायचा. मोजता मोजता शेजारच्या स्कूटरवाल्याशी ओळख व्हायची, ओळखीतून वाद निघायचा, आणि वाद ऐन रंगात आला की नेमकं फाटक उघडायचं. आता पूल झाला. रहदारीची सोय झाली, वादांची पंचाईत झाली. शेवटी ते सगळे खटले रविवार सकाळच्या तर्री-पोह्याच्या गाडीवर वर्ग करण्यात आले.

गाडीवरचं आमचं मंडळ चौघांचं. पहिले एलआयटीवाले भाऊ. अमरावती रोडवरच्या लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटमधून केमिकल इंजिनिअर झाले त्याला आता चाळीस वर्षं होत आली, पण अजूनही स्वतःच्या नावाच्या आधी ते संस्थेचं नाव सांगतात. दुसरे युडीसीटीवाले काका. यांचं शिक्षण मुंबईला, माटुंग्याच्या त्या प्रसिद्ध रसायन तंत्रज्ञान विभागात; निवृत्तीनंतर मुलाकडे म्हणून नागपुरात आले आणि तर्रीने घाम फुटत असतानाही 'मुंबईत असे पोहे मिळत नाहीत' हे कबूल करत नाहीत. तिसरे व्हीआरसीईवाले साहेब, म्हणजे विश्वेश्वरय्या कॉलेजचे स्थापत्य अभियंते. ते पास झाले तेव्हा त्यांचं कॉलेज 'रीजनल' होतं. २००२ साली ते 'नॅशनल' झालं, २००७ च्या कायद्याने 'राष्ट्रीय महत्त्वाचं' झालं, आणि साहेबही त्याबरोबर मागील तारखेपासून राष्ट्रीय महत्त्वाचे झाले. आमच्या बँकेत अशा प्रकाराला 'रेट्रोस्पेक्टिव्ह इफेक्ट' म्हणतात आणि त्यात निदान एरिअर्स तरी मिळतात.

चौथा मी. बी.कॉम. मंडळात मला मताचा अधिकार नाही, निरीक्षकाचा दर्जा आहे. शेवटी पोहे किती आणि चहा किती हे मोजून प्रत्येकी किती पडले तेवढं मी सांगायचं.

वादाचा विषय ठरलेला. विज्ञानाची संस्था म्हणावी अशी मोठी कोणती? त्यात पहिली कोण, दुसरी कोण, आणि (हे न बोलता) शेवटची कोण? वाद वर्षानुवर्षं चालू होता आणि मी तो मालगाडीच्या डब्यांसारखा अलिप्तपणे मोजत होतो. यंदा मात्र गाडी थेट आमच्या घरात शिरली. कन्या बारावी झाली.

बारावीचा निकाल लागतो त्या आठवड्यात वर्तमानपत्रात बातम्या कमी आणि विद्यापीठं जास्त असतात. एका सकाळी पान उलटलं तर अख्ख्या पानावर एक खासगी विद्यापीठ. हिरवळ, कारंजं, पांढऱ्या कोटातली हसरी मुलं, आणि मध्ये ढोपराएवढा आकडा : देशात अमुकवा क्रमांक. आकड्याच्या डोक्यावर एक चांदणी होती. चांदणी दिसली की आम्हा बँकवाल्यांचं लक्ष पानाच्या तळाशी जातं, कारण व्याजदराच्या जाहिरातीत खरी गोष्ट तिथेच असते. चष्मा काढून, पान नाकाशी नेऊन वाचलं : अमुक गटात, अमुक विभागात, अमुक वर्षी. फीचा आकडा मात्र पानावर कुठेच नव्हता. तो फोन केल्यावर कळला. सौभाग्यवती म्हणाल्या, "तुम्हाला स्टाफ लोन मिळतं ना?" मी मान हलवली. ती होकारार्थी होती की नकारार्थी हे मला अजून सांगता येत नाही.

कन्या शांतपणे म्हणाली, "बाबा, मला फिजिक्स करायचं आहे. बी.एस्सी. इथेच. इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सला."

घरात एकदम शांतता पसरली. आमच्या नात्यागोत्यात साधं बी.एस्सी. करणं म्हणजे इंजिनिअरिंगच्या लग्नाला जाताना वाटेत बस बंद पडल्यासारखं समजतात. माझं म्हणाल तर मला हा विषय जरा जास्तच लागतो. दहावीनंतर मलाही सायन्सला जायचं होतं. एका कॉलेजच्या भिंतीवर यादी लागली होती, तिच्यासमोर वडील बोट फिरवत उभे होते, आणि यादी जिथे संपली त्याच्या खाली त्यांचं बोट आणखी जरा सरकलं. भिंतीवर. तिथे काहीच नव्हतं. मग आम्ही दोघे सायकलवर कॉमर्सच्या रांगेकडे गेलो. तेव्हापासून यादी दिसली की माझ्या पोटात गोळा येतो, आणि नोकरी अशी मिळाली की दिवसभर लोकांना नंबर द्यायचे.

त्या रविवारी मी निरीक्षकपद सोडून प्रथमच प्रश्न विचारला : "इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स कितव्या नंबरावर आहे हो?"

तिघांनीही पोह्यातून मान वर काढली.

"नागपूरचं?" युडीसीटीवाले काका म्हणाले. त्या एका शब्दात त्यांनी क्रमांक सांगून टाकला.

"काहून? नागपूरचं असलं तर काय झालं?" एलआयटीवाले भाऊ उसळले. वास्तविक त्यांचा इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सशी काही संबंध नव्हता. पण 'नागपूरचं' हा उच्चार त्यांना लागला. "आमचं एलआयटी सुद्धा नागपूरचंच आहे. १९४२ सालचं. कामठीच्या डी. लक्ष्मीनारायणांनी खाणीतून पैसा कमावला आणि मरताना विद्यापीठाला देऊन गेले. पस्तीस लाख! तेव्हाचे! अप्लाइड सायन्स आणि केमिस्ट्री शिकवा म्हणून! तुमचं माटुंगं कोणी काढलं?"

"मुंबई विद्यापीठाने. १९३३ साली. तुमच्या नऊ वर्षं आधी," काका गार आवाजात म्हणाले. "पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक पाहा. वेंकटरामन, आमचे. टिळक, आमचे. माशेलकर, आमचे."

"आणि अंबानी," साहेबांनी पुस्ती जोडली. ही मदत होती की टोला, ते कळलं नाही.

"आमचंही आता स्वतंत्र विद्यापीठ झालं," भाऊ म्हणाले. "२०२३ ला."

"आमचं २००८ लाच झालं."

पोहे निवले. माझा प्रश्न तसाच राहिला. म्हणून मी हिशेबनिसाला जे येतं ते केलं. खतावणी उघडून जुन्या नोंदी पाहायला बसलो.

विद्यापीठांना नंबर देण्याची कल्पना प्रथम कोणाच्या डोक्यात आली याचा शोध घेतला तेव्हा जे. एम. कॅटेल नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हाती लागले. यांनी १९०६ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांची एक डिरेक्टरी काढली आणि त्यातल्या निवडक हजारांच्या नावापुढे चांदणी छापली. (चांदणीचा त्रास इतका जुना आहे.) पुढे १९१० च्या आवृत्तीत कोणत्या विद्यापीठाकडे किती चांदण्या आहेत ते मोजून विद्यापीठं ओळीने उभी केली. मग बराच काळ हा अमेरिकेतला घरगुती मामला राहिला. २००३ साली शांघायच्या एका विद्यापीठाने साऱ्या जगाची यादी केली. हेतू वाईट नव्हता. आपली चिनी विद्यापीठं जगाच्या किती मागे आहेत एवढंच त्यांना पाहायचं होतं. पण शेजाऱ्याने घरात वजनकाटा आणला की सगळी गल्ली त्यावर उभी राहून येते, तसं झालं. पुढच्याच वर्षी लंडनहून दुसरी यादी आली. आपल्या सरकारने २०१५ मध्ये आपला स्वतःचा काटा मांडला आणि २०१६ मध्ये पहिलं वजन जाहीर केलं.

या याद्यांचं आतलं काम मी वाचलं आणि मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. शांघायच्या यादीत शंभरातले तीस गुण नोबेल आणि तत्सम पारितोषिकांना आहेत : माजी विद्यार्थ्यांना मिळालं तर दहा, प्राध्यापकांना मिळालं तर वीस. पण पारितोषिक जुनं असेल तर त्याची किंमत दर दशकाला दहा टक्क्यांनी उतरत जाते. म्हणजे घसारा! तोही सरळ रेषा पद्धतीने! बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला हा विषय मला होता आणि त्यात मला चांगले गुण होते. यंत्र, फर्निचर आणि नोबेल पारितोषिक यांना एकच नियम लागतो हे तेव्हा मास्तरांनी सांगितलं असतं तर मी आणखी मन लावून अभ्यास केला असता.

आपल्या सरकारी यादीत विद्यापीठांना अध्यापन आणि साधनं यांना तीस टक्के, संशोधनाला तीस, पास होऊन बाहेर पडणाऱ्यांच्या भवितव्याला वीस, सर्व थरांतल्या मुलांना सामावून घेण्याला दहा, आणि उरलेले दहा 'परसेप्शन'ला. परसेप्शन म्हणजे लोक काय म्हणतात ते. म्हणजे आमची पोह्याची गाडी सरकारदरबारी दहा टक्क्यांना मान्य झाली आहे. लंडनच्या एका यादीत तर लोकांच्या मताला कैक वर्षं चाळीस टक्के होते. यादी पाहून लोक मत बनवतात आणि मत विचारून यादी बनवतात. बँकेत एका खात्यातून दुसऱ्या खात्यात आणि दुसऱ्यातून परत पहिल्यात पैसे फिरवून उलाढाल दाखवणारे काही खातेदार असतात, त्यांची मला उगीच आठवण झाली.

या सरकारी यादीत विद्यापीठांच्या गटात २०१६ पासून २०२५ पर्यंत न चुकता पहिली आलेली संस्था एकच : बंगलोरची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. तिची जुनी पानं चाळत असताना मला असा काही ऐवज सापडला की मी रविवारची वाट पाहू लागलो.

"बंगलोरची ती संस्था खरं म्हणजे नागपूरची आहे," मी गाडीवर जाहीर केलं.

एलआयटीवाले भाऊंनी आनंदाने तर्रीचा आणखी एक डाव घेतला. काका म्हणाले, "अहो, काहीही काय!"

मी नोंदी वाचून दाखवल्या. जमशेटजी टाटांनी कापडाची मोठी गिरणी काढायची ठरवली तेव्हा सगळे मुंबईत काढतात म्हणून ते नागपुरात आले. कापूस इथे, कोळसा जवळ, रेल्वे आलेली. १ जानेवारी १८७७ ला गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचं जाहीर झालं, म्हणून गिरणीचं नाव एम्प्रेस. आज तिच्या जागेवर मॉल आहे आणि तिथे मुंबईच्या भावात कापड मिळतं. तर या एम्प्रेसने टाटांच्या उद्योगाचा पाया घातला. पुढे १८९३ साली जमशेटजी जपानहून जहाजाने निघाले. बोटीवर सहप्रवासी एक तरुण संन्यासी, स्वामी विवेकानंद. बोटीचं नाव 'एम्प्रेस ऑफ इंडिया'. नाव काही त्यांना सोडत नव्हतं. १८९८ च्या नोव्हेंबरात टाटांनी विवेकानंदांना त्या प्रवासाची आठवण देऊन पत्र लिहिलं आणि विज्ञानाच्या संशोधनसंस्थेची कल्पना मांडली. तीस लाखांची मालमत्ता देऊ केली.

"तीस?" भाऊ मध्येच म्हणाले. "आमच्या लक्ष्मीनारायणांनी पस्तीस दिले!"

"त्या वेळचा रुपया मोठा होता," काका म्हणाले. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. रुपयाच्या किमतीबद्दल बँकेच्या माणसाने बोलू नये असा माझा नियम आहे.

मी पुढे वाचलं. व्हाइसरॉय म्हणून कर्झनसाहेब नुकतेच बोटीवरून उतरले होते. टाटांच्या माणसांनी योजना पुढे ठेवली, तर साहेबांच्या शंका दोन : इतकं वरचं शिकायला विद्यार्थी मिळतील का, आणि शिकलेल्यांना नोकऱ्या कोण देणार?

"प्लेसमेंट!" व्हीआरसीईवाले साहेब ओरडले. पोहेवाल्याला वाटलं ऑर्डर दिली.

प्लेसमेंटच. सव्वाशे वर्षांपूर्वी व्हाइसरॉयने जे विचारलं तेच आमच्या घरी सौभाग्यवतींच्या भावाने फोनवर विचारलं होतं. कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिले. विल्यम रॅम्से नावाचे मोठे रसायनशास्त्रज्ञ बोलावले, त्यांनी देशभर फिरून बंगलोर सुचवलं, म्हैसूरच्या महाराजांनी ३७१ एकर जमीन दिली. १९०४ मध्ये जमशेटजी वारले आणि १९०९ मध्ये संस्था मंजूर झाली. १९११ साली पहिले विद्यार्थी आले. ज्याने पैसे दिले त्याने इमारतीची एक वीटसुद्धा पाहिली नाही. लक्ष्मीनारायणांचंही तेच. आमच्याकडे कर्जाचा अर्ज अडला की गिऱ्हाईक काउंटरवर येऊन किती बोलतं ते मी रोज ऐकतो; ही माणसं देणारी होती, आणि ताटकळत गेली.

साहेब आता गप्प बसणार नव्हते. "आमच्या विश्वेश्वरय्यांचं काय? तेसुद्धा त्या बंगलोरच्या संस्थेच्या कोर्टाचे अध्यक्ष होते!"

"ते तुमच्या कॉलेजात शिकले नव्हते," काकांनी आठवण दिली. "पुण्याला शिकले. १८८३ साली मुंबई इलाख्यात पहिले आले. तुमचं कॉलेज १९६० चं, त्यांचं नाव दिलं १९६२ ला."

"नाव तर आमच्याकडेच आहे ना!"

यावर कोणापाशीच उत्तर नव्हतं.

घरी आलो तो विजयी वीराच्या थाटात. जेवताना कन्येला सगळं सांगितलं : एम्प्रेस गिरणी, बोट, कर्झन. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, पण तुम्ही रामन विसरलात."

"ते कलकत्त्याचे."

"नागपूरचे पण. १९१० मध्ये त्यांची बदली इथे झाली होती. रंगूनहून."

"कुठल्या कॉलेजात?"

"कॉलेजात नाही, सरकारी हिशेब खात्यात. अकाउंट्सला होते बाबा. तुमच्यासारखे."

घास माझ्या हातात राहिला. मग ती सांगत गेली आणि मी प्रथमच तिच्यासमोर विद्यार्थी होऊन बसलो. चंद्रशेखर वेंकट रामन १९०७ साली वित्त खात्याच्या परीक्षेत देशात पहिले आले. म्हणजे हिशेबाच्या नोकरीत पहिले. कलकत्त्यात नेमणूक. बहूबाजारात महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली काढलेली विज्ञानाची एक संस्था होती. विद्यापीठ नव्हे, कॉलेज नव्हे, असोसिएशन. तिथे उपकरणं धूळ खात पडली होती. रामन कचेरीच्या आधी आणि कचेरीनंतर तिथे काम करायचे. मग बदली रंगूनला, तिथून नागपूरला. वर्षभरही झालं नसेल, पुन्हा कलकत्ता. १९१७ साली हिशेबाची भरपगारी नोकरी सोडून कमी पगारावर प्राध्यापक झाले. २८ फेब्रुवारी १९२८ चा शोध त्याच असोसिएशनमध्ये लागला. नोबेलच्या नोंदीत मात्र नाव कलकत्ता विद्यापीठाचं आहे.

"आणि १९३३ मध्ये ते तुमच्या त्या बंगलोरला संचालक झाले," ती म्हणाली. "पहिले भारतीय. चार वर्षांत भांडण होऊन संचालकपद सोडावं लागलं."

बदली, प्रमोशन, भांडण. मला हा माणूस फार जवळचा वाटू लागला. १९१० साली नागपुरात विद्यापीठ नव्हतं. ते व्हायला १९२३ साल उजाडलं. सहा कॉलेजं आणि ९२७ विद्यार्थी घेऊन. तोवर इथल्या कॉलेजांनी आधी कलकत्त्याशी आणि मग अलाहाबादशी संलग्न राहून दिवस काढले. पण व्हिक्टोरिया कॉलेज ऑफ सायन्स होतं. १९०६ चं. राणीबाई वारून पाच वर्षं झाली होती तरी नागपूरवरचा त्यांचा हक्क सुटला नव्हता. रामन इथे हिशेब तपासत होते तेव्हा ते कॉलेज चार वर्षांचं होतं.

"तेच माझं कॉलेज," कन्या म्हणाली. "आता नाव इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स."

"पण त्याचा नंबर..." मी सुरू केलं आणि थांबलो. सौभाग्यवती म्हणाल्या, "भात घ्या."

रात्री मी स्टाफ लोनचा फॉर्म बाहेर काढला. निम्मा भरला होता. पाहत बसलो. खरं सांगायचं तर त्या पानभर जाहिरातीतल्या हिरवळीवर मीच जास्त भाळलो होतो. कोणी विचारलं, "मुलगी काय करते?" की त्या विद्यापीठाचं नाव टाकायचं आणि समोरच्याच्या भुवया वर जाताना पाहायच्या, हा कार्यक्रम मी मनात पुष्कळदा करून झाला होता. त्यासाठी पंधरा वर्षं हप्ते भरायचीही तयारी होती. पोरीला कोणी विचारलंच नव्हतं. फॉर्म फाडला नाही; बँकेची स्टेशनरी आहे. कोऱ्या बाजूला वाणसामानाची यादी केली.

प्रवेशाच्या दिवशी दोघं सिव्हिल लाइन्समध्ये गेलो. गुणवत्ता यादी लागलेली होती. कन्या मोबाइलवर आधीच पाहून आली होती, तरी मी भिंतीसमोर उभा राहिलो आणि वरून बोट फिरवत निघालो. तिचं नाव आलं तिथे थांबलो. खाली पुष्कळ नावं होती. "बाबा, चला ना," ती म्हणाली, "लोक थांबलेत मागे." मी म्हटलं, "एक मिनिट." आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

पुढच्या रविवारी तिला गाडीवर घेऊन गेलो. मंडळाला बातमी सांगितली. क्षणभर तिघंही काही बोलले नाहीत. व्हीआरसीईवाले साहेब म्हणाले, "फिजिक्स कठीण असतं." हा त्यांच्याकडून मिळणारा सर्वोच्च सन्मान आहे.

काकांनी चष्मा पुसला. "सोबत केमिस्ट्री घेतलीस ना बाळ?"

"हो काका."

"छान. मग पुढे विचार बदलला तर माटुंगं आहेच."

"माटुंगं कशाला?" भाऊंनी प्लेट खाली ठेवली. "काय सांगून राहिले काका लेकराला! अमरावती रोड काय वाईट आहे? घरून जाणं, घरून येणं..."

"प्रश्न जाण्यायेण्याचा नाही, प्रश्न दर्जाचा आहे."

"दर्जाचं तर बोलूच नका! १९४२ साली, लढाई चालू असताना..."

"१९३३!"

कन्येने मला हळूच विचारलं, "हे रोज असंच असतं?" मी म्हटलं, "नाही, फक्त रविवारी." मग तिने चार प्लेटांचे, एक तिची जादा तर्रीची, आणि पाच चहांचे मिळून किती झाले ते तोंडी सांगितलं. मी पुन्हा मोजून पाहिलं. बरोबर होतं.